भातावरची मूठ

दूधविनायक, काशी
६ ऑगस्ट २०२५

बकुळे, पोरी,

फोन हाताशी असताना ही मावशी पत्र का लिहीत बसली, असं तुला वाटेल. अगं, आम्ही दोघंही आता कानाने अधू. म्हणून प्रसन्नने आमचा फोन असा लावून दिलाय, की तू नागपुरात बोललीस तर आमच्या गल्लीतल्या सब्जीवाल्यालाही ऐकू जातं. प्रसन्न म्हणजे ह्यांचा पुतण्या, बँकेत आहे, आठवड्यातून दोनदा डोकावतो. तर जे तुझ्या काकांच्या कानावर जाऊ नये ते टपालानेच पाठवलेलं बरं.

काकांची साखर पुन्हा वर चढली आहे. शाळेतली मास्तरकी सुटून सोळा-सतरा वर्षं झाली, पण पूजा-अनुष्ठानांची आमंत्रणं सुटत नाहीत, आणि आमंत्रण म्हटलं की खीर आलीच. डॉक्टरसाहेबांनी गोळी वाढवली आणि वर एक छापील कागद दिला. त्यावर सगळं ग्रॅममध्ये. इतके ग्रॅम चावल, इतके ग्रॅम दाल. माझ्या स्वयंपाकघरात काटा नाही, कधी नव्हता. मी प्रसन्नकडून काटा मागवते म्हटलं तर तुझे काका म्हणतात, "तोलून वाढायला मी काय सोनं आहे?"

दुसरी अडचण तुला माहीत आहेच. ते जेवताना मौन पाळतात. पानावर बसल्यापासून आचवेपर्यंत एक शब्द नाही. नको असेल तर पानावर हात आडवा धरतात. आणि आपल्याकडे पहिल्या आडव्या हाताला कोण विचारतं? मी हाताखालून आणखी एक पळी ओतते. पन्नास वर्षं हेच चालत आलंय. आता ह्या वयात आग्रहच विष झाला म्हणायचा.

तू इस्पितळात रोज लोकांना काय खा, किती खा हेच सांगतेस ना? मग मला असं एखादं माप सांग, जे काट्याशिवाय जमेल, चुलीपाशी उभ्या उभ्या जमेल आणि ज्याचा त्यांना पत्ता लागणार नाही. मी चौथी शिकलेली बाई. पुढचं जे काही आलं ते पुड्यांचे कागद वाचून. तेव्हा कैलोरी-बिलोरी नको.

इंदूमावशी

•

नागपूर
१४ ऑगस्ट

मावशी,

तुझं पत्र हातात आलं तेव्हा माझ्यासमोर एक पेशंट बसले होते आणि मी त्यांना ग्रॅमच सांगत होते. ते बिचारे मान डोलवत होते, पण काहीच कळत नव्हतं. तुझं वाचून मी त्यांचाही कागद बदलला.

काटा विसर. देवाने हात दिलाय, त्याने मोज. दोन्ही जेवणांना भात मुठीएवढा. पोळी घेणार असतील तर पंजाएवढ्या दोन, पातळ, मग भात नाही. भाजी दोन मुठी, आणि पालेभाजी, दोडका, लौकी, परवल असलं काहीतरी. बटाटा म्हणजे भाजी नव्हे, तो भाताचा भाऊ. वरण किंवा उसळ ओंजळीत मावेल एवढं. दही हवंच. तूप अंगठ्याच्या पेराएवढं, त्याहून जास्त नाही. फळ एक, मुठीत मावेल असं, आणि तेही दुपारी चारला, जेवणाला जोडून नाही. सकाळी उपाशीपोटी फिरायला जाऊ देऊ नकोस, आधी मूठभर चणे-दाणे.

आणि मुख्य म्हणजे आडवा हात दिसला की पळी थांबव. आग्रह बंद! हेच तुला सगळ्यात जड जाणार आहे, मला माहीत आहे.

मधूनमधून वजन करून कळव.

बकुळ

•

दूधविनायक
१८ सप्टेंबर

बकुळे,

तुझं माप म्हणजे सोनं निघालं गं! महिनाभर झाला, मी पान वाढते, मग भातावर मूठ धरून बघते. जास्त असेल तर उचलते. मग भाजीवर दोनदा. ह्यांची नजर खाली, पानाभोवती भाताच्या चित्राहुती घालण्यात, त्यांना काय कळणार! पहिल्या दिवशी एवढासा भात वाढताना वाटलं, हे कुणाचं पान? आपल्या घरातलं की कुणा बाळंतिणीचं? पण मी मन घट्ट केलं. आणि आडवा हात आला की पळी जागच्या जागी थांबवते. एकदा तर पळी हवेतच, त्यातून आमटी टपटप माझ्याच लुगड्यावर.

आणि बघ, पितृपक्षातही पठ्ठ्या डगमगला नाही! बालाजी घाटाजवळच्या घरी श्राद्धाला बोलावणं होतं. मी आदल्या दिवशी त्या घरच्या सूनबाईला, वैदेहीला, जाऊन सांगून आले, "गुरुजींना खीर चमचाभर, वडा एकच, आग्रह नको." तिने तसंच केलं. तुझे काका मुकाट्याने जेवून आले. घरी येऊन पाणी पिऊन पडून राहिले. एका शब्दाने तक्रार नाही. मला तर वाटतं त्यांनाही आतून पटलंय, पण पुरुषच ते, कबूल कसं करतील!

परवा साखर तपासली. डॉक्टरसाहेब चष्मा काढून बघत राहिले. म्हणाले, "माताजी, क्या खिला रही हैं?" मी म्हटलं, "हमारी भांजी नागपुर में है." अशी ताठ मानेने बाहेर आले!

इंदूमावशी

•

नागपूर
२६ सप्टेंबर

मावशी,

शाबास! माझ्याकडच्या शिकलेल्या बायकांना सहा महिन्यांत जमत नाही ते तू महिन्यात केलंस. काकांनाही माझा नमस्कार सांग, मात्र कशाबद्दल ते सांगू नकोस.

वजन लिहायचं राहिलं तुझं. कुठल्याही औषधांच्या दुकानात काटा असतो. कळव.

बकुळ

•

दूधविनायक
३० ऑक्टोबर

बकुळ,

तुझ्या पत्राला महिना झाला आणि मी उत्तर दिलं नाही. वजन कळव म्हणालीस, आणि ते लिहायलाच हात धजत नव्हता.

दसऱ्याला ह्यांनी जरीचं उपरणं काढलं, अंगरखा घातला, आणि तो अंगावर असा लोंबला जसा खुंटीवर टांगलेला. मी म्हटलं, धुऊन सैल झाला असेल. सुती कापड कधी धुऊन सैल होतं का गं? मन किती खुळं असतं बघ. दिवाळीत अभ्यंगाला पाठीला तेल लावताना बोटांना फासळ्या लागल्या. ज्या माणसाने तरुणपणी आखाड्यात गदा फिरवली, ज्याच्या खांद्यावर दोन पोरं बसायची, त्याच्या फासळ्या! भाऊबीजेनंतर प्रसन्नला म्हटलं, चल. काट्यावर नऊ किलो उतरले. घाटाच्या पायऱ्या चढताना दोनदा चक्कर आली म्हणून मध्येच बसले, तेही मला नावाड्याकडून कळलं, त्यांच्याकडून नाही.

डॉक्टरसाहेब आकडा बघून गंभीर झाले. हिंदीत प्रसन्नशी बोलले, हळू, आणि मला ऐकू येत नाही असं समजून. पण जे ऐकायला नको ते बरोबर ऐकू येतं. "इस उम्र में अचानक वजन गिरे तो पेट की जाँच करा लेनी चाहिए." पोटाचे फोटो काढून झाले. मोठ्या इस्पितळातून कागद यायचा आहे.

ह्यांना मी सांगितलं, साखरेचीच तपासणी आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि "बरं" म्हणाले. बस. एवढंच. बकुळ, मी त्यांच्यासमोर हसते, आणि देवघरात गेले की डोळ्यांना पदर लागतो. जेवण मात्र तुझ्या मापाने बिनचूक चालू आहे, त्यात मी कणाचीही चूक होऊ दिली नाही. तेवढंच एक माझ्या हातात आहे.

फोन केलास तर मी "सब ठीक" म्हणेन. ते शेजारीच बसलेले असतात. ते खरं मानू नकोस.

मावशी

•

दूधविनायक, काशी
२ नोव्हेंबर

चिरंजीव बकुळ,

तुझ्या मावशीचा हा नवरा तुला उभ्या आयुष्यात प्रथमच पत्र लिहीत आहे. तेव्हा कारण मोठं असणार हे तू ओळखशीलच. इंदू देवळात गेली आहे. मला अर्धा तास आहे.

मला तुझ्याकडून एकच सत्य हवं आहे. माझे किती दिवस उरले आहेत?

तू वैद्यकाच्या घरात काम करतेस, इंदू तुला सगळं लिहिते. मला ती काही सांगत नाही. पण मी शहात्तर वर्षं काशीत राहतो. इथे मरायला येणाऱ्या माणसांना मी लहानपणापासून बघतो आहे. त्यांचं अन्न कसं कमी करत आणतात, आधी दोन घास, मग एक, मग नुसतं तोंडात गंगाजल, हे मला कुणी शिकवायला नको.

श्रावणाच्या अखेरीपासून माझं पान तसं होऊ लागलं. भात एवढासा, की चित्राहुती घातल्यावर पानात काही उरतं का ते शोधावं लागतं. आमटी ओंजळीत मावेल एवढी, आणि ओंजळ म्हणजे एखाद्या पोरीची. पन्नास वर्षं जिने माझ्या आडव्या हाताला कधी जुमानलं नाही ती आता हात दिसला की पळी मागे घेते. खरं सांगू? तो हात मी सवयीने आडवा धरतो. पुढची पळी येणारच, हे मनात धरून. ती येत नाही. मौनात मागता येत नाही, आणि मौनाबाहेर मागणं मला लाजिरवाणं वाटतं. ब्राह्मणाने पानावर वाढेल ते घ्यावं.

आणि एक विशेष. वाढून झालं की ती भातावर मूठ धरते. घट्ट वळलेली मूठ. मग भाजीवर, एकदा, पुन्हा एकदा. ओठ हलतात. मी खाली मान घालून असतो, पण दिसतं. माझी दृष्ट काढते आहे, मीठ-मोहरी मुठीत घेऊन काढावी तशी. रोज, दोन्ही वेळा. डॉक्टरांनी हात टेकले असल्याशिवाय कुणी अन्नावरून रोज दृष्ट काढील का? पितृपक्षात परक्या घरीही मला चमचाभर खीर वाढली. म्हणजे गावाला ठाऊक आहे, मलाच नाही.

मी घाबरलेलो नाही. काशीत मरण म्हणजे काय ते मी पोरांना शिकवत आलो. पण हिशेबाने आवराआवर करता आली तर बरं, आणि इंदूला नंतर कुणाकडे ठेवायचं तेही बोलायला हवं. ती मला वाचवण्यासाठी हसते. मी तिला वाचवण्यासाठी विचारत नाही. हे किती दिवस चालवायचं ते तू सांग.

हिला कळू देऊ नकोस.

नरहर

•

नागपूर
७ नोव्हेंबर

मावशी आणि काका,

हे पत्र दोघांनी एकत्र वाचायचं आहे. मावशीने मोठ्याने वाचावं आणि काकांनी मध्येच उठून जाऊ नये. तुम्ही दोघांनी आपापलं गुपित माझ्याकडे ठेवायला दिलंत. मी दोन्ही आता तुमच्यापुढे मांडते आहे. रागवा हवं तर.

काका, तुमचं पत्र आज दुपारी मिळालं. मी ते उभ्यानेच वाचलं आणि "भातावर मूठ धरते" इथे आल्यावर मला ऑगस्टातलं माझंच पत्र आठवलं. मावशी दृष्ट काढत नव्हती. ती भात मोजत होती. मीच तिला तसं लिहिलं होतं, ऑगस्टात. भात मुठीएवढा, भाजी दोन मुठी, वरण ओंजळभर. हे माप खरंच आहे, सगळीकडे सांगतात, कारण ज्याचं शरीर मोठं त्याचा हात मोठा, आणि ज्याचा लहान त्याला कमी पुरतं. म्हणून ज्याने जेवायचं त्याच्याच हाताने मोजायचं असतं. मी मूठ लिहिली, पण कुणाची ते लिहिलं नाही. मावशी, तू वाढणारी, म्हणून तू तुझी धरलीस. तुझा तरी काय दोष? आपल्या घरांत वाढणारीचाच हात माप असतो. मीठसुद्धा आपण दुसऱ्याच्या चिमटीने घालत नाही.

पण मावशी, तुझ्या हातात सव्वादोनची बांगडीसुद्धा सैल होते. लहानपणी आम्ही तुझे हात पाहून हसायचो. आणि काकांचे हात! गदा धरलेले हात! तुझी मूठ त्यांच्या तळव्यात बुडून जाईल. तीन महिने तू एका पहिलवानाला चिमणीचं जेवण वाढते आहेस. वर आग्रह बंद, वर त्यांचं मौन. गोळी मात्र पूर्वीचीच, वाढवलेली. पान अर्धं आणि गोळी पुरी, मग पायऱ्यांवर चक्कर येणार नाही तर काय होणार?

मी आज संध्याकाळी फोन केला तेव्हा "सब ठीक" ऐकून एवढंच म्हटलं, "आजपासून काकांना सगळं दुप्पट वाढ, पत्र येतंय." तू "का गं?" म्हणालीस आणि मी ठेवला. स्पीकरवर कसं सांगणार?

आता तीन गोष्टी. उद्याच प्रसन्नला डॉक्टरांकडे पाठवून गोळी कमी करायची का ते विचारा, स्वतःच्या मनाने काही करू नका. पोटाच्या फोटोचा कागद येईल तो नीट दाखवा. मला जवळजवळ खात्री आहे, पण जवळजवळ म्हणजे पूर्ण नाही. आणि काका, तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर: मला तुमच्या दिवसांबद्दल कुणीही काहीही सांगितलेलं नाही.

चूक माझी. दोघांची माफी मागते.

बकुळ

•

दूधविनायक
१६ नोव्हेंबर

बकुळे, माझ्या सोन्या,

कागद आला. पोट साफ! डॉक्टरसाहेबांनी दोनदा वाचला, प्रसन्नने एकदा, मग मी घरी येऊन देवापुढे ठेवला. जीव भांड्यात पडला म्हणतात ना, तो आवाज मला खरंच ऐकू आला, आणि कानाला यंत्र न लावता!

पण तुझं पत्र यायच्या आधी काय झालं ते ऐक. तू त्या संध्याकाळी फोनवर "दुप्पट वाढ" म्हणालीस. मला वाटलं, झालं. बकुळला काहीतरी कळलंय. कागद इकडे यायच्या आधी तिकडे गेला आणि आता ती म्हणते आहे, खाऊ घाल त्यांना जे हवं ते. मी भरल्या डोळ्यांनी पुलाव केला, मटार घालून. नेनुआची, म्हणजे आपल्या घोसाळ्याची, भाजी, वरण, आणि वर लोणकढं तूप. ताटात असा डोंगर केला.

हे बसले. ताटाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. चित्राहुती घातली नाही, काही नाही. आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा पानावर बसून तोंड उघडलं.

"इंदू, हे इच्छाभोजन का?"

माझ्या हातातली पळी पडली. मी म्हटलं, "असलं काय अभद्र बोलता?"

"मग बकुळ फोनवर दुप्पट वाढ म्हणाली ते कशासाठी? डॉक्टर किती दिवस म्हणाले?"

"मला कुणी काही म्हणालं नाही! तुम्हाला कोण म्हणालं?"

"मलाही कुणी म्हणालं नाही."

"मग तुम्हाला कसं माहीत?"

"मला काही माहीत नाही. मी तुला विचारतोय!"

"आणि मी काय वेगळं करतेय? मीही कुणाला तरी विचारतेच आहे महिनाभर!"

असं आम्ही दोघं ओरडत होतो. कान अधू, त्यामुळे ओरडणं जास्तच. खालच्या मजल्यावरच्या लतिकाबाई वर धावत आल्या, त्यांना वाटलं भांडण. आल्या आणि बघतात तर दोघंही रडतायत आणि पुलाव गार होतोय. त्या म्हणाल्या, "अरे गुरुजी, पहले खा लीजिए, बाद में रोइएगा." बनारसची बाई, तिला ठाऊक, रडायचं कधी आणि जेवायचं कधी.

त्यांनी सगळा खाल्ला. सगळा! मग आणखी मागितला, तोंडाने. मी विचारलं, "भूक होती एवढी, तर आधी का नाही बोललात?" म्हणाले, "तू आग्रह करशील म्हणून थांबलो होतो." तीन महिने, बकुळ. माणूस आग्रहासाठी तीन महिने थांबला!

चौथ्या दिवशी तुझं पत्र आलं. मी मोठ्याने वाचलं. "चिमणीचं जेवण" इथे आल्यावर मी थांबले, पुढे वाचवेना. मग ह्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, चष्मा लावला, शेवटपर्यंत वाचला, आणि काय केलं माहीत आहे? आपली मूठ वळून पाटावर ठेवली. "आण तुझी." मी ठेवली. दोन मुठी शेजारी शेजारी. एक नारळ आणि एक लिंबू, अगं! मी हसायला लागले ती थांबेचना. ते हसले नाहीत आधी. "ह्या लिंबाने मला मारलं असतं," म्हणाले, आणि मग इतके हसले की ठसका लागला.

डॉक्टरसाहेबांनी गोळी अर्धी केली. चक्कर गेली. आता मी पान वाढायच्या आधी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन हात पुढे करतात. मी त्यांच्या मुठीशी भात ताडून बघते. बिनसोवळ्याचे दारात येतात म्हणून मी आधी कुरकुरले, मग म्हटलं, सोवळं जिवंत माणसासाठी असतं.

तू माफी मागू नकोस. मूठ तू सांगितलीस तेव्हाच साखर उतरली, ते कुणाच्या मुठीने का असेना.

इंदूमावशी

ता. क. — वरील पत्र मी वाचले. मी रडलो नाही. पुलावाच्या वाफेने चष्मा धुरकटला होता. बाकी सर्व खरे आहे. तुला माझ्या पोटातून आशीर्वाद, आणि ते आता भरलेले आहे. — नरहर

•

दूधविनायक
१४ डिसेंबर

बकुळे,

थंडी आली. गंगेवर सकाळी एवढं धुकं असतं, की नाव दिसत नाही, नुसता वल्ह्याचा आवाज येतो. मी परवा ट्रंक उघडली, ह्यांचा लोकरी कोट उन्हाला टाकावा म्हणून. कोट नाही. सगळी ट्रंक उपसली. कोट नाही, काश्मिरी शालही नाही.

"कोट कुठाय?" म्हटलं. हे पंचांग उघडून बसलेले, वर बघेनात. मी पंचांग मिटलं.

"दिला," म्हणाले.

"कुणाला?"

"भोसले घाटावरच्या नावाड्याला. ज्याने मला चक्कर आली तेव्हा पाणी दिलं."

"आणि शाल?"

"माझ्या शाळेतल्या जुन्या विद्यार्थ्याला, विश्वजीतला. त्याचं लग्न आहे माघात."

मग एकेक बाहेर पडलं. चांदीची पळी-पंचपात्री प्रसन्नला. संध्येचं आसन वैदेहीच्या सासऱ्यांना. मला कळेना, हे सगळं झालं कधी? म्हणाले, कार्तिकात. एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत. मी काशीत आवराआवर करत फिरणारा माणूस शेजारी घेऊन झोपत होते, आणि त्याला मऊ वरण हवं की घट्ट एवढंच विचारत होते.

डोळ्यांत पाणी आलं गं, पण राग जास्त आला. म्हटलं, "जा आणि परत मागून आणा. मेला नाहीत ना!" म्हणाले, "दिलेलं दान परत मागायचं नसतं." प्रसन्न आपणहून पळी-पंचपात्री घेऊन आला, त्यालाही दारातून परत पाठवला. आता पूजेला तांब्याची वापरतात, आणि म्हणतात आवाज हिचाच चांगला. नावाडी कोट घालून सकाळी घाटावर उभा असतो, मला बघून हात जोडतो. काय बोलणार त्याला? शोभतोही मेल्याला.

तर काल ह्यांना घेऊन गल्लीच्या तोंडावरच्या मुन्नाकडे गेले. तीस वर्षं आमचे कपडे तोच शिवतो. नवा कोट शिवायचा, गडद तपकिरी. कापड मी निवडलं. मुन्ना म्हणाला, "गुरुजी का नाप तो है हमारे पास, पुराना." मी म्हटलं, नाही, नवीन घे, वजन उतरलंय. हे मुकाट उभे राहिले, हात पसरून. मुन्नाने छातीला फीत लावली, तोंडाने च्च च्च केलं, "अरे गुरुजी, बहुत उतर गए हैं आप." कमरेला लावली, आकडा आपल्या पोराला सांगितला. मग विचारलं, "इसी नाप का काट दें?"

बकुळे, ज्या माणसाने एका महिन्यापूर्वी आपला कोट देऊन टाकला होता, कारण पुढची थंडी आपल्याला लागणार नाही असं त्याला वाटलं होतं, तो तुझा काका आरशात स्वतःकडे बघत खांदे मागे घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "नहीं मुन्ना. चार अंगुल ढीला रखो. अभी हमको भरना है."

इंदूमावशी